राजीनाम्यातलं टिंब

दिवाकररावांनी आयुष्यभर हजार वस्तू दुरुस्त केल्या, पण त्यांचं नाव कुठल्या यादीत कधी आलं नाही. रायपुरातल्या आमच्या गणेशोत्सवात तीस वर्षं मांडवाचे नटबोल्ट यांनीच आवळले. लायटिंगची माळ विझली की शिडीवर हेच चढणार, विसर्जनाची गाडी अडली की हाकही यांनाच. शेवटच्या दिवशी माइकवर कार्यकारिणीची नावं वाचली जायची. अध्यक्ष, सचिव, खजिनदार एकेक करून हार घालून घ्यायचे आणि सर्वांत शेवटी "तसेच सर्व ज्ञात-अज्ञात कार्यकर्त्यांचे आभार" असं म्हणून माइक बंद. घरी आल्यावर मी विचारायची, "आज ज्ञात होते का अज्ञात?"

"मले काय करायचं नावाचं," हे म्हणायचे. खोटं बोलताना यांची उजवी मिशी हलते. दरवर्षी हलायची.

मी यांची बायको, मंदाकिनी पुसदकर. एकतीस वर्षं शाळेत हिंदी शिकवली. मराठी घरातली पोट्टी-पोट्टे माझ्याकडे हिंदीचं व्याकरण शिकली आणि त्यानंतर मराठी बोलायचीच विसरली, असा आरोप आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, माझ्यावर आहे. तो पूर्ण खोटा नाही. हे रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात चौतीस वर्षं फिटर होते. निवृत्त झाल्यावर घरातल्या ज्या वस्तू बिघडल्या नव्हत्या त्यासुद्धा खोलून बसू लागले, तेव्हा मी देवाकडे एकच मागणं मागत होते, की या माणसाला घराबाहेर काहीतरी काम दे.

देवानं स्वानंदला पाठवलं. स्वानंद आमच्या गल्लीतलाच. त्याच्या आजोबांचं गोल बाजारात भांड्यांचं दुकान होतं आणि पुरानी बस्तीत, आमच्या घरापासून चार गल्ल्या पलीकडे, त्या दुकानाचं गोदाम. पोरगा आता नव्या रायपुरात एका ऑफिसात कॉम्प्युटरवर असतो. त्यानं ठरवलं की रिकाम्या गोदामात मेकरस्पेस करायचं. म्हणजे हत्यारं, मशीन एका जागी ठेवायची आणि पाऱ्यातल्या कोणीही यावं, शिकावं, हवं ते बनवावं. दिवाकररावांनी हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे कारखाना." तेव्हापासून सगळा पारा त्याला कारखानाच म्हणतो. स्वानंदनं काढलेलं इंग्रजी नाव फक्त त्याच्या फोनमध्ये उरलं आहे.

चालवायला पाच जणांचं मंडळ नेमायचं ठरलं. पगार नाही, मानधन नाही, चहासुद्धा ज्याचा त्यानं आणायचा. पहिला स्वानंद. दुसरी ज्ञानदा, जिल्हा न्यायालयात वकिली करते, कागदपत्रं तिच्याकडे. तिसरी शर्मिष्ठा, शिवणकाम शिकवते. चौथा भनपुरीचा सुशील साहू, त्याचं वेल्डिंगचं दुकान आहे. आणि पाचवे, स्वानंद स्वतः घरी येऊन सांगून गेला, "काका, आप तो रहेंगे ही."

त्या दिवशी हे दोन वेळा जेवले. मिशी अजिबात हलली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच गोल बाजारातून पितळेची पट्टी आणली. दारावर लावायला मंडळाच्या नावांची पाटी करायची, आणि तीही छापून नाही, छिन्नीनं कोरून. रोज दुपारी एक नाव. अंगणात बसून ठक ठक चालायचं. पहिल्या दिवशी स्वानंद, मग ज्ञानदा, मग शर्मिष्ठा. स्वतःचं नाव यांनी सर्वांत शेवटी ठेवलं होतं. त्या ओळीवर पेन्सिलीनं आखून मात्र पहिल्याच दिवशी घेतलं. मी म्हटलं, "एवढी घाई कायले? कोणी पळवून राहिलं का तुमची जागा?"

"माप पाहून राहिलो," हे म्हणाले.

यांची स्वतःची वाइसही गोदामात जाऊन पोचली होती. वाइस म्हणजे लोखंडी शिकंजा, वस्तू घट्ट पकडून ठेवायला. वीस किलोचा तो शिकंजा यांनी सायकल-रिक्षात स्वतःच्या मांडीवर ठेवून नेला. त्यावरूनच पुढचं सगळं झालं, असं आम्हाला वाटलं. मंडळाच्या पहिल्या बैठकीत स्वानंदला मधोमध त्याचं नवं मशीन ठेवायचं होतं, प्लॅस्टिकची वस्तू थरावर थर देऊन छापणारं. यांना मधोमध वाइस पाहिजे होती. हे म्हणाले, "तुह्या मशीनीले आवाजच नाही बापा. ते काम करून राहिली का झोपून राहिली, कसं समजाव?" सुशील हसला. स्वानंद नाही हसला. मशीन मधोमधच राहिलं आणि वाइस खिडकीपाशी गेली. घरी येऊन हे म्हणाले, "जास्त बोललो का वं मी?" मी म्हटलं, "नेहमीएवढंच बोलले." आता वाटतं, तेव्हा जरा गोड बोलायला हवं होतं.

त्यानंतर चौथ्या दिवशी, शुक्रवारी, सुशीलचं नाव कोरून झालं आणि ठक ठक थांबली. अर्ध्या तासानं मी अंगणात गेले. छिन्नी हातात, पाटी मांडीवर, आणि हे समोरच्या तुळशीकडे बघत बसलेले.

"काय झालं?"

"माहा राजीनामा मागितला."

"कोणी?"

यांनी फोन उचलला, लांब धरला आणि वाचून दाखवलं. ज्ञानदाचा निरोप होता. खास यांच्यासाठी जमेल तशा मराठीत लिहिलेला, कारण मागच्या बैठकीत यांनीच तिला सुनावलं होतं की मराठी माणसाला कागद मराठीत आला पाहिजे. "आदरणीय काका, मंडळाच्या सदस्यत्वाबद्दल तुमचा राजीनामा रविवारच्या सभेत लेखी द्यावा. तुमचा राजीनामा सर्वात आधी मिळाला तर आम्हा सर्वांना फार आनंद होईल." खाली जोडलेल्या हातांची दोन चित्रं होती.

माझं डोकंच फिरलं. ही ज्ञानदा माझ्या वर्गात आठवीत होती. पहिल्या बाकावर बसायची, माझ्या हातचा चिवडा मागून खायची. काढायचं तर काढावं, पण आनंद होईल म्हणून लिहावं? आणि वर हात जोडावे? मी म्हटलं, "फोन द्या इकडे. मी बोलते तिच्याशी."

"नाही," हे म्हणाले. "त्याईची जागा हाये. त्याईचं मंडळ. मले कोणी जबरदस्ती थोडीच बोलावलं होतं." आणि उजवी मिशी इतकी हलली की फोनसाठी पुढे केलेला हात मी मागे घेतला.

मला वाईट याचं वाटलं की हा माणूस भांडतसुद्धा नव्हता. घरात भाजीत मीठ कमी पडलं तर अर्धा तास भांडतो. शनिवारी यांनी टेबलाशी बसून चार कागद फाडले आणि पाचव्यावर राजीनामा लिहिला. मला दाखवला नाही. मी रविवारच्या सभेसाठी डबाभर चिवडा करून ठेवला होता, तो उचलून फडताळात मागे सरकवला. ज्यांना आनंद व्हायचा त्यांना तो कोरड्या तोंडानं होऊ दे.

रविवारी सकाळी मी पायात चपला घातल्या. हे म्हणाले, "तू काहून येऊन राहिली?"

"तुमाले उन्हात एकटं कसं सोडू?" ऊन नव्हतं. मला ज्ञानदाचं तोंड पाहायचं होतं, एवढंच.

गोदामात पाऊल टाकलं तर पोरांनी भिंतीला चुना मारलेला, मधोमध स्वानंदचं मशीन मुकाट उभं, आणि खिडकीपाशी आमची वाइस. यांनी आधी वाइसकडे पाहिलं. कोणीतरी तिच्यावर रुमाल वाळत घातला होता. यांनी तो काढला, घडी करून खुर्चीवर ठेवला आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली पाटी टेबलावर ठेवली.

ज्ञानदा धावतच आली. "काका! लाए?"

यांनी खिशातून पाकीट काढून दिलं. तिनं ते सगळ्यांना दाखवलं. "देखो, सबसे पहले काका का राजीनामा आया है. और मराठी में!" आणि पोरगी चक्क मोठ्यानं वाचायला लागली. लिपी एकच, त्यामुळे अडखळत का होईना, वाचता येत होतं.

"मी, दिवाकर महादेव पुसदकर, निवृत्त फिटर, मंडळाच्या सदस्यत्वाचा राजीनामा स्वखुशीने देत आहे. माझी कोणाबद्दल तक्रार नाही. माझी वाइस इथेच राहू द्यावी. तिला दर शनिवारी तेल द्यावे. तिच्यावर कपडे वाळत घालू नये. लहान मुलांना आधी बोटं कशी सांभाळायची ते शिकवावे, मग हत्यार द्यावे. सुशीलला हे येते. कळावे."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मनापासून वाजवल्या. शर्मिष्ठा म्हणाली, "काका ने कितना सुंदर लिखा. हमने तो दो लाइन में निपटा दिया." स्वानंद उठून यांच्या पाया पडला. हे उभे होते, हात पाठीमागे, आणि चेहरा असा की मी तो लग्नानंतर दोनदाच पाहिला आहे, दोन्ही वेळा स्मशानातून परत आल्यावर. मी तोंड उघडणार, तेवढ्यात यांनी माझं मनगट धरलं. "चाल," म्हणाले. "झालं काम."

आम्ही दारापर्यंत गेलो. मागून ज्ञानदाचा आवाज आला, "हाँ, सुशील भैया, अब आपका राजीनामा."

"हव, लाए हन," सुशील म्हणाला आणि खिसा चाचपू लागला.

हे थांबले. मागे वळले. ज्ञानदानं पुढे म्हटलं, "शर्मिष्ठा दीदी, आपका भी. स्वानंद, तुम्हारा कहाँ है?"

स्वतःसाठी दोन दिवस ज्या माणसाच्या तोंडून चकार शब्द निघाला नव्हता, तो आता गोदामाच्या मधोमध जाऊन उभा राहिला. "थांब वं पोरी," हे म्हणाले. "सुशीलले काहून काढून राहिली तू? त्यानं काय केलं? भनपुरीवरून रोज सायकल हाणत येते तो. ह्या खिडकीच्या जाळ्या कोणी जोडल्या, स्वानंदच्या मशीनीनं? आन् ही शर्मिष्ठा, हिच्या चार शिलाई मशीनी हायेत इथं. मले काढलं, ठीक हाये, मी म्हातारा, बडबड्या. पण ह्याईले काढाल तर हा कारखाना चालवन कोन? सगळ्याईचे राजीनामे घेऊन गोदामात काय कांदे भरता?"

सुशीलचा कागद खिशातून अर्धा बाहेर आला होता, तो तसाच राहिला. बिचाऱ्याला मराठी अर्धी कळते आणि त्या अर्ध्यात कांदे तेवढे कळले असावेत. स्वानंद माझ्याकडे बघत होता. शाळेत उत्तर येत नसलं की पोरं बाईंकडे बघतात, तसा.

मी सुशीलच्या हातून कागद ओढून घेतला. आता भांडायचंच होतं तर पुरावा हातात असलेला बरा. वर मोठ्या अक्षरात मथळा होता, राज़ीनामा. आणि 'ज'च्या खाली टिंब.

मी एकतीस वर्षं ते टिंब शिकवलं आहे. फळ्यावर काढून, वहीत तपासून, विसरलेल्याचा अर्धा गुण कापून. त्याखाली सुशीलनं लिहिलं होतं, "मैं सुशील साहू, संचालक मंडल में काम करने के लिए राज़ी हूँ."

मला आधी हसू आलं. मग रडू आलं. मग दोन्ही एकदम आलं आणि मी जवळच्या खुर्चीत, त्या घडी केलेल्या रुमालावरच बसले.

"मैडम, क्या हुआ?" ज्ञानदा घाबरली. घाबरली की ती मला काकू म्हणायचं विसरते.

"ज्ञानदा, राजीनामा माने क्या?"

ती वर्गात उभी राहिल्यासारखी सरळ झाली. "सहमति का लिखित पत्र. राज़ी से राज़ीनामा. आपने ही तो पढ़ाया था, मैडम. आठवीं में. और कोर्ट में तो रोज़ होता है, दो भाइयों का झगड़ा निपटा, राज़ीनामा हो गया."

मीच शिकवलं होतं. तेव्हा हे सांगायचं राहून गेलं की पोरी, हाच शब्द तुझ्या आईच्या भाषेत उलट्या तोंडानं बसलेला असतो. कशाला सांगितलं असतं? घरात राजीनामा हा शब्द कोणाच्या तोंडी येतो? आणि मी, जिला दोन्ही भाषा येतात म्हणून मी मिरवते, तो निरोप मी नुसता ऐकला. फोन हातात घेऊन वाचला असता तर टिंब दिसलं असतं. पण यांनी मराठीत वाचला, मी मराठीत ऐकला आणि मराठीतच संतापले.

"मराठी में राजीनामा का मतलब इस्तीफ़ा होता है," मी म्हटलं.

ज्ञानदानं हातातल्या कागदाकडे पाहिलं. ती ओळ तिनं पुन्हा मनात वाचली असावी. मग वाइसची ओळ, तेलाची, बोटांची. तिचे डोळे भरून आले. "काका," ती म्हणाली, आणि तिच्या तोंडून तुटकीफुटकी मराठी निघाली, "मी तुम्हाला काढली नाही. मी तुम्हाला मागितली होती."

दिवाकरराव तिच्याकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. "म्हणजे मी हाये का नाही?"

"आहात," मी म्हटलं. "राजीनामा दिला म्हणूनच आहात."

"हे कोणतं शास्त्र?"

"हिंदीचं."

हे हसले. आधी हळू, मग इतके की टेबलाला हात टेकावा लागला. सुशीलला शर्मिष्ठानं सगळं समजावून सांगितलं, तेव्हा तोही हसायला लागला आणि आपला कागद छातीशी धरून म्हणाला, "मोला झन निकालहू, मैडम." मला काढू नका म्हणून. हे ज्ञानदासमोर हात पसरून उभे राहिले. "आन तो कागद. दुसरा लिहून देतो. ह्याच्यात लय फालतू लिहिलं हाये."

ज्ञानदानं कागद पाठीमागे लपवला. डोळे पुसले. मग वकिलीणबाईंचा आवाज लावून म्हणाली, "मराठी में नामंज़ूर. हिंदी में मंज़ूर. फ़ाइल में लग गया, काका. और तेल वाली बात नियमों में जाएगी."

स्वानंद मशीनकडे गेला, त्याची तार काढली आणि सुशीलला हाक मारली. दोघांनी मशीन उचलून खिडकीपाशी नेलं आणि वाइस मधोमध आणली. यांनी फक्त एवढंच सांगितलं, "बोल्ट आवळायचे राहिले," आणि पाना मागितला.

मग शर्मिष्ठानं वर्तमानपत्र सोडून पाटी काढली. चार नावं, एकाखाली एक, आणि खाली एका नावाएवढी जागा कोरी. पेन्सिलीची आखणी यांनी पुसली होती, पण पट्टी कापली नव्हती. मी चौतीस वर्षं फिटरच्या घरात राहिले आहे. जादा उरलेलं पितळ हा माणूस कधी तसं सोडत नाही, कापून खोक्यात टाकतो, पुढेमागे उपयोगी पडेल म्हणून. राजीनामा लिहून झाला होता, पाकीट बंद केलं होतं, आणि तरी यांनी ती जागा ठेवली होती. मला हे तेव्हा कळलं.

"काका, आपका नाम?" स्वानंदनं विचारलं.

"लिहितो ना," हे म्हणाले. "घाई कायची?" आणि लगेच पाटी वाइसमध्ये पकडली.

कारखान्यात झालेलं पहिलं काम ते. सगळे भोवती उभे. दि झाला, वा झाला. 'क'चा खालचा घाव घालताना छिन्नी सरकली आणि अक्षराखाली एक बारीक खड्डा पडला. चौतीस वर्षांत यांची छिन्नी सरकलेली मी ऐकली नाही. खड्डा सगळ्यांनी पाहिला आणि सगळ्यांनी न पाहिल्यासारखं केलं. र कोरून झाल्यावर हे वाकून बघू लागले.

"टिंब पडलं वं," मला म्हणाले. "क खाली. घासून काढू का?"

मी असल्या नको त्या टिंबाचा अर्धा गुण कापत आले आहे.

"राहू द्या," मी म्हटलं आणि चिवड्याचा डबा आणायला घरी निघाले.